टोपलीला भोक नव्हतं तेव्हा

मुसफ्फातल्या त्या फॅब्रिकेशन यार्डात रुजू व्हायला गेले, त्या सकाळी प्रिंटरमधून कागद ओढताना माझं बोट कापलं. कागदानं कापतं तसंच, रेघभर. "आई गं" म्हणून मी बोट तोंडात घातलं आणि वर बघितलं, तर समोर एक उंच, वाळका, पांढऱ्या दाढीचा माणूस लाल पेटी घेऊन उभा. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, तेही ऑफिसच्या आत, एसीखाली.

"बोट तोंडातून काढ बाय. तोंडात जंतू असतात."

अबुधाबीत कुणीतरी मला मराठीत ओरडलं याचा आनंद मानावा की काय, ते मला कळेना. त्यांनी बोट धुतलं, पट्टी लावली आणि मग एकदम गंभीर झाले. "तुझं जॉइनिंग आजचं की उद्याचं?"

"कागदपत्रं आज देतेय. काम उद्यापासून."

"अल्हम्दुलिल्ला," ते मोठा श्वास सोडून म्हणाले. "म्हणजे आज तू व्हिजिटर. व्हिजिटर बोर्डात धरत नाय."

तो बोर्ड मी दुसऱ्या दिवशी बघितला. यार्डाच्या गेटावर हिरव्या रंगाचा, माणसाहून उंच. इतके दिवस अपघात नाही, असं त्यावर लिहिलेलं आणि मध्ये पत्र्याचे मोठे आकडे. बाकीच्या कंपन्यांत माणूस घरी बसण्याइतका जखमी झाला तरच आकडा शून्यावर आणतात. यांच्या बोर्डात ओरखडासुद्धा धरला जाई. म्हणजे ओरखडा झाला, तर. पण या लाल पेटीवाल्या चाचांच्या यार्डात तो होऊच शकत नसे, कारण ते सगळीकडे असत. रोज सकाळी फडक्यानं आकडे पुसून नवा आकडा लावत आणि दोन पावलं मागे जाऊन, आंबा पिकलाय का बघावं तसं त्याच्याकडे बघत.

रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातले हे गृहस्थ आमचे सेफ्टी ऑफिसर होते. मुदीर, म्हणजे आमच्या लेबनीज मॅनेजरपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना चाचा म्हणत. ते गाडीत बसले की ड्रायव्हरचा पट्टा ओढून बघत. बांगडा खाताना गॉगल लावत. मी मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरी त्यांना एकदा जेवायला बोलावलं, तर मी फोडणी घालायच्या आधी ते माझ्या मुलीला घेऊन हॉलमध्ये गेले आणि मोहरी तडतडायची थांबल्यावर दारातून डोकावले. "आता येऊ?"

"आई, ही इज सो वीअर्ड," मुलगी म्हणाली.

"वीअर्ड माणसाचे डोळे शाबूत राहतात गो," चाचा तिला म्हणाले.

पण हे सगळं मी सहज विसरले असते. चाचा लक्षात राहिले ते बास्केटबॉलमुळे.

नव्या माणसांना सेफ्टी शिकवायचा त्यांचा तास बास्केटबॉलपासून सुरू व्हायचा. बिहारहून, नेपाळहून, मनिलाहून आलेली माणसं नवे बूट घालून बाकांवर बसलेली असत आणि चाचा विचारत, "जगातला सगळ्यात मोठा सेफ्टी ऑफिसर कोण?" कुणी घाबरून त्यांच्याचकडे बोट दाखवी. चाचा मान हलवत. "अमेरिकेतला एक मास्तर."

मग गोष्ट. मास्तर मूळचा कॅनडाचा, अमेरिकेत व्यायाम शिकवायचा. कडाक्याची थंडी, बाहेर बर्फ, वर्गातले तगडे विद्यार्थी आत कोंडलेले आणि कंटाळून दंगा करणारे. त्याच्या आधीच्या मास्तरांनी हात टेकलेले. साहेब म्हणाला, आत खेळता येईल असा खेळ दोन आठवड्यांत काढ. मास्तरानं बाहेरचे खेळ आत खेळवून बघितले, तर पोरं एकमेकांच्या अंगावर पडायची आणि खाली लाकडी जमीन.

"मग तो खाली बसला आणि त्यानं विचार केला," चाचा स्वतःही खाली बसत. "लागतं कशानं? माणूस बॉल घेऊन पळतो, म्हणून दुसरा त्याला पाडतो. मग पळणंच बंद! बॉल हातात आला की जागेवर उभं राहायचं. दुसरी गोष्ट, गोल समोर असला की माणूस जोरात मारतो. मग गोल डोक्याच्या वर नेऊन ठेवला. वर जोरात मारून काय उपयोग? हळू, वरून, प्रेमानं टाकायला लागतं. ह्याला म्हणतात धोका मुळातून काढणं. हेल्मेट नंतर येतं, आधी डोकं."

शिपायाकडं त्यानं खोकी मागितली होती. खोकी नव्हती, शिपायानं पीच या फळाच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि खेळ सुरू. टोपलीला बूड होतं. त्यामुळे गोल झाला की कुणीतरी शिडी लावून वर चढायचं आणि बॉल काढायचा. पुढे बुडाला भोक पाडलं आणि काठीनं बॉल ढकलायला लागले. मग लोखंडी रिंग आली, जाळी आली. गॅलरीतली माणसं हात घालून बॉल अडवायची, म्हणून मागे फळी आली.

"आणि तिथून खेळ बिघडला," चाचा म्हणत.

"का?"

"बॉल आपोआप खाली यायला लागला ना. माणसाला थांबायलाच लागत नाय. शिडी होती तेव्हा प्रत्येक गोलनंतर सगळे श्वास घेत होते."

आमच्या वेल्डिंग शॉपचा फिलिपिनो फोरमन जोएल हे ऐकून डोकं धरायचा. त्याच्यासाठी बास्केटबॉल म्हणजे जेवण. त्यानं एकदा फोनवर कुठूनतरी शोधून चाचांना वाचून दाखवलं की त्या मास्तरानंच पुढे म्हातारपणी रेडिओवर सांगितलं होतं, सुरुवातीच्या खेळात पोरांनी गुद्दागुद्दी केली, डोळे काळेनिळे झाले, एक तर बेशुद्ध पडला.

"सेफ गेम, चाचा?" जोएल हसत म्हणाला. "फर्स्ट डे, नॉकआउट!"

मला वाटलं, चाचा खचतील. ते उलट उजळले. "मग पळायचं नाय हा रूल त्यानंतरच आला असणार! आधी ॲक्सिडेंट, मग रूल. तीस वर्षं मी दुसरं काय सांगतोय?" त्या दिवसापासून ही बेशुद्ध पोराची गोष्टही तासात सामील झाली.

आता मुख्य प्रसंग सांगते. इथे उन्हाळ्यात दुपारी उन्हातलं काम बंद ठेवायचा नियम आहे. त्या सुट्टीत आमची माणसं एका रिकाम्या शेडमध्ये पडून राहायची. शेडला मोठे कूलर होते आणि दोन्ही टोकांना जोएलच्या माणसांनी स्वतः वेल्डिंग करून लोखंडी रिंगा लावल्या होत्या. बाहेर आग, आत बास्केटबॉल. गावाकडे फोन केला की ती माणसं पगाराच्या आधी मॅचचा स्कोअर सांगायची. तो तास सोडला तर त्या उन्हाळ्यात त्यांचं असं स्वतःचं काही नव्हतं.

मग एका जुलैत वेल्डिंग शॉप आणि पेंट शॉपमध्ये एका फाउलवरून जुंपली. आधी शब्द, मग छाती छातीला, आणि मग धक्काबुक्की. चाचा मध्ये घुसून हात पसरून उभे राहिले म्हणून कुणाला काही झालं नाही. पण शर्ट फाटले आणि नेमके मुदीर क्लायंटला घेऊन शेडच्या दारात उभे होते.

"खलास," मुदीर म्हणाले. "रिंगा कापून काढा. इथे पेंटचे डबे ठेवू."

संध्याकाळी जोएल माझ्या टेबलापाशी आला. एरवी सारखा हसणारा माणूस, त्या दिवशी हेल्मेट हातात फिरवत उभा होता. "मॅडम, यू टॉक टू चाचा. मुदीर ओन्ली लिसन्स टू चाचा."

मी चाचांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही आनंद पसरला की मला भीतीच वाटली. कोंडलेली माणसं. बाहेर जाता येत नाही. आत मारामारी. साहेब वैतागलेला.

"बाय," ते म्हणाले, "ही तर तीच थंडी हाय."

मुदीरांपुढे चाचा अर्धा तास बोलले. मी बाजूला उभी होते. खेळ बंद करू नका, खेळ मूळ होता तसा खेळू द्या, असं त्यांचं म्हणणं. मुदीर आधी हसले, मग कंटाळले, आणि शेवटी म्हणाले, "ओके चाचा. वन मॅच. मी स्वतः येतो. एकाही प्लेयरला ओरखडा आला नाही तर रिंगा राहतील. आला तर खलास, आणि परत हा विषय माझ्याकडे नाही."

"इन्शाल्ला," चाचा म्हणाले.

जोएलला मी ही बातमी दिली तेव्हा तो आधी नाचला. मूळ नियम ऐकल्यावर तिथेच एका पिंपावर बसला.

टोपल्यांचा शोध सुरू झाला. चाचांना पीचच्याच टोपल्या हव्या होत्या. शुक्रवार-शनिवारची सुट्टी गाठून आम्ही अबुधाबीचा फळबाजार पालथा घातला. पीच भरपूर होते, पण पुठ्ठ्याच्या खोक्यांत. चाचा प्रत्येक फळवाल्याला विचारत, "भाई, पीच की टोकरी है?" फळवाला म्हणे, "पीच है." "नहीं, टोकरी." "टोकरी में क्या रखेगा?" "बॉल." फळवाले एकमेकांकडे बघत.

शेवटी दुबईला, इंटरनॅशनल सिटीजवळच्या ड्रॅगन मार्टला गेलो. नवरा गाडी चालवत होता आणि मागून चाचा त्याला प्रत्येक वळणावर "माशाल्ला, छान घेतलंत" म्हणत होते. तिथे वेताच्या दोन टोपल्या मिळाल्या, कमरेइतक्या उंच, खाली निमुळत्या.

"दिस इज अ लॉन्ड्री बास्केट," माझी मुलगी म्हणाली.

चाचा बराच वेळ त्या टोपल्यांकडे बघत उभे राहिले. खोटं त्यांना जमत नसे. मग त्यांनी एक तोडगा काढला. परतताना पीचची खोकी घेतली, दोन्ही टोपल्या पीचनं काठोकाठ भरल्या आणि रात्रभर तशाच आमच्या हॉलमध्ये ठेवल्या. सकाळी पीच काढले आणि टोपल्यांवर हात फिरवून समाधानानं म्हणाले, "आता ह्या पीचच्या टोपल्या." ते पीच आम्ही, आमचे शेजारी आणि पूर्ण यार्ड कितीतरी दिवस खात होतो.

मॅचच्या दुपारी शेड भरली. मुदीर पुढे खुर्चीवर. रिंगांवर टोपल्या बांधलेल्या. बास्केटबॉलऐवजी फुटबॉल, कारण मास्तरानं तोच वापरला होता. एका बाजूला नऊ माणसं, कारण मास्तराच्या वर्गात अठराच पोरं होती. सगळ्यांना हेल्मेट, गॉगल, हातमोजे, सेफ्टी बूट. अठरा माणसं खेळायला उभी आहेत की पूल बांधायला, ते ओळखता येत नव्हतं.

चाचांनी शिट्टी वाजवली. जोएलनं बॉल पकडला आणि सवयीनं जमिनीवर आपटला. शिट्टी.

"नो बाउन्सिंग!"

"चाचा, इट्स बास्केटबॉल!"

"बाउन्सिंग नंतर आलं. स्टँड!"

जोएल उभा राहिला. त्यानं पास दिला. ज्याला मिळाला तो उभा राहिला. बॉल असा एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जात होता. कुणी एक पाऊल टाकलं की शिट्टी. मारामारी करायला माणूस दुसऱ्यापर्यंत पोचायला तर हवा! चाचांचा हिशेब बरोबर होता. अंगाला अंग लागत नव्हतं. प्रेक्षक आधी हसले, मग शिट्ट्या मारल्या, मग काहीजण कूलरसमोर झोपले. मुदीर फोन बघायला लागले.

आणि मग पेंट शॉपच्या एका नेपाळी पोऱ्यानं अर्ध्या शेडमधून, वैतागून, बॉल भिरकावला. तो वर गेला, बीमच्या जवळून खाली आला आणि टोपलीत बसला. आवाजसुद्धा झाला नाही. क्षणभर सगळे खालच्या बाजूला बघत राहिले, बॉल पडेल म्हणून. पडला नाही.

"गोल!" चाचा ओरडले. "आता शिडी!"

उंचीवर चढायचं सर्टिफिकेट त्या शेडमध्ये फक्त चाचांकडे होतं. त्यांनी अंगावर पट्टे बांधले, त्यांचा दोर वरच्या बीमला अडकवला, दोन माणसांना शिडी धरायला लावली आणि आधी वर, मग खाली, मग दोन्ही बाजूंना बघून चढायला लागले. साठीला आलेला माणूस, पायरी पायरीला थांबत. टोपलीपर्यंत पोचले आणि थांबले.

बराच वेळ काहीच झालं नाही.

"चाचा, ओके?" जोएलनं विचारलं.

"थांब," वरून आवाज आला. "विचार करतोय."

मला खालून लक्षात आलं. शिडीवर दोन पाय आणि एक हात कायम टेकलेला हवा, हा त्यांचाच नियम. आणि निमुळत्या टोपलीत बॉल असा घट्ट रुतला होता की एका हातानं निघत नव्हता. हात सोडावा तर नियम मोडतो, न सोडावा तर मॅच पुढे जात नाही. संपूर्ण यार्ड माना वर करून उभं होतं.

"चाचा, खालून भोक पाडू?" जोएलनं खिशातला कटर काढला. "प्लीज!"

"नाय! भोक नंतर आलं!"

मुदीर खुर्चीतून उठून घाई करायला लागले. "यल्ला चाचा, यल्ला!"

चाचांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि दोन्ही हात टोपलीत घातले. त्यांनी ओढलं. बॉल आला नाही, टोपली आली. टोपली आली तशी शिडी गेली. शेडमधून एकच किंकाळी उठली.

आणि चाचा पडले नाहीत. त्यांचा दोर ताणला गेला आणि ते हवेत लटकले, टोपलीला मिठी मारून, संथपणे गोल फिरत. एकदा त्यांचा चेहरा आमच्याकडे येई, एकदा पाठ.

"बघा!" चेहरा आमच्याकडे आला तेव्हा ते ओरडले. "बेल्ट! म्हणून बेल्ट!"

त्यांना उतरवायला मशीन आणावं लागलं. उतरल्या उतरल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुदीर खूप हसत होते, इतके की डोळे पुसत होते. एकाही प्लेयरला काही झालं नव्हतं. जोएलनं मला मिठी मारायला हात पसरले आणि ऐनवेळी आवरले.

तेवढ्यात मला दिसलं. गॉगलच्या खाली आणि दाढीच्या वर, जेवढा गाल उघडा होता तेवढ्यावर वेताची काडी ओरखडली होती. रक्ताचा एक बारीक थेंब आला होता. जोएललाही दिसलं. तो पटकन पुढे झाला.

"चाचा, वाइप इट. शेव्हिंग कट."

"मला दाढी हाय," चाचा म्हणाले.

"चाचा, पुसून टाका ना," मी हळूच म्हणाले. "कोणी बघितलं नाही."

"तू बघितलंस ना? मग कोणी नाय कसं?"

ते तसेच, रक्त न पुसता, मुदीरांसमोर जाऊन उभे राहिले. "सर, वन इंजुरी. मी."

मुदीरांचं हसू थांबलं. मुदीर त्या गालाकडे बघत म्हणाले, "चाचा, मी सगळ्यांसमोर शब्द दिलाय. आता काय करू मी? रिंगा काढू?"

"रिंगा कशाला?" चाचा शांतपणे म्हणाले. "तुम्ही म्हणालात प्लेयर. मी प्लेयर नव्हतो. मी ड्यूटीवर होतो, उंचीवर काम करत होतो. हा खेळातला ॲक्सिडेंट नाय. हा कामावरचा ॲक्सिडेंट."

मुदीर एक पाऊल जवळ आले. मग हळू आवाजात म्हणाले, "हबीबी, तुला कळतंय ना, कामावरचा म्हटलं तर बोर्डाचं काय होतं?"

"बोर्ड मीच लावलाय सर," चाचा म्हणाले.

त्यांनी स्वतःच स्टूल घेतलं. आम्ही मागे गेलो, पण थोडं लांब थांबलो. गेटावर ट्रक उभे होते, उन्हाचा वारा तोंडावर येत होता. चाचांनी एक एक आकडा काढला, फडक्यानं पुसला आणि काखेत धरला. मोठी संख्या होती ती. त्यांच्या नोकरीच्या निम्म्या वर्षांची. मग त्यांनी एकच शून्य लावलं. नेहमीसारखे दोन पावलं मागे जाऊन बघतील असं मला वाटलं. ते गेले नाहीत. बोर्डाकडे पाठ करून आकडे घेऊन आत गेले. जोएल त्यांच्या मागे धावला आणि अर्धे आकडे त्यानं स्वतःच्या हातात घेतले.

दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये नेहमीचा बास्केटबॉल सुरू झाला. बॉल आपटायला लागला, माणसं पळायला लागली. चाचा दारातून बघत आणि पुटपुटत, "बिघडलेला खेळ." पण चाचा आत आले की माणसं आपणहून थोडी हळू पळायची, एकमेकांना हात देऊन उठवायची. मारामारी पुन्हा झाली नाही. स्कोअर विचारला तर चाचा त्या एका मॅचचाच सांगत. "एक-शून्य. मास्तराच्या पहिल्या मॅचचाही तोच होता. बघ, बरोबर खेळलं की बरोबर उत्तर येतं."

पुढच्या वर्षी ते निवृत्त होऊन गावी गेले. अधूनमधून फोन करायचे. ईदला मी फोन केला तेव्हा मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"काय चाललंय चाचा?"

"पोरांना विटीदांडू शिकवतोय गो."

"तुम्ही? विटीदांडू? डोळ्याला विटी लागते ना?"

"तेच तर! मी विटीची दोन्ही टोकं तासून सपाट केली. आता कुणाला टोचणार नाय."

मी क्षणभर विचार केला. "पण चाचा, टोक नसेल तर विटी उडणार कशी?"

"उडत नाय," ते अभिमानानं म्हणाले. "आज दोन महिने झाले. एकदाही नाय."

"आणि पोरं येतात तरी?"

"रोज येतात बाय," चाचा म्हणाले. "गोल करून बसतात आणि बघतात, आज उडते का."